‘गल्लाभरू’ म्हणण्याआधी ‘लेडीज नाइट’ नीट ऐका

‘कूल अँड द गँग’ या अमेरिकन फंक बँडचा ‘लेडीज नाइट’ हा अल्बम सप्टेंबर १९७९मध्ये बाजारात आला. त्याच्यावर एक जुना आरोप आहे. तो इतक्या वेळा केला गेला आहे की आता कुणाला तो आरोप वाटतच नाही. माहिती म्हणूनच तो सांगितला जातो. हा बँड साधारण १९७४पर्यंत अस्सल होता. मग डिस्को आलं. बँडला खपाची चटक लागली, त्यांनी एक गोड गळ्याचा गायक आणला, एक चकचकीत प्रोड्यूसर आणला आणि ते विकले गेले. गोष्ट संपली.

पुण्यात जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींच्या ऐकण्याच्या बैठका होतात. त्यांना मी गेली बरीच वर्षं जाते. तिथे ‘वाइल्ड अँड पीसफुल’ची १९७३ सालची प्रत देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी हाताळली जाते. ‘लेडीज नाइट’ कुणी पिशवीतून काढलीच, तर लोक हसतात. ‘रिसेप्शनचं म्युझिक’ असं कुणीतरी म्हणतं. एका जाणकारांनी तर ठेवणीतला मराठी शब्द काढला होता : गल्लाभरू.

हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. ‘लेडीज नाइट’ हे या बँडचं पतन नाही, तो त्यांच्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी एक आहे, असं माझं म्हणणं आहे. पुढचं म्हणणं असं, की ‘विकले गेले’ या आरोपातून संगीताबद्दल जवळपास काहीच कळत नाही. आरोप करणाऱ्याला काय परवडतं, एवढंच कळतं.

अस्सल म्हणजे नेमकं कधीचं?

आधी त्या तथाकथित सुवर्णयुगाकडे पाहू.

रॉबर्ट ‘कूल’ बेल, त्याचा भाऊ रोनाल्ड आणि त्यांच्या जर्सी सिटीतल्या शाळकरी मित्रांनी १९६४मध्ये बँड सुरू केला तेव्हा त्याचं नाव होतं ‘जॅझियाक्स’. त्यांना जॅझ वाजवायचं होतं. बेल बंधूंचे वडील मुष्टियोद्धे होते आणि थेलोनियस मंकसारख्या जॅझ वादकांमध्ये त्यांची ऊठबस होती. पण न्यू जर्सीतल्या क्लबांत शुद्ध जॅझ ऐकायला किती लोक येणार? नाचायला येणाऱ्या लोकांना त्या काळी चालणारी सोल गाणी हवी होती. पोरांनी ती वाजवली. बँडचं नाव बदललं, पुन्हा बदललं. एकदा ते ‘कूल अँड द फ्लेम्स’ झाले. मग जेम्स ब्राउनच्या ‘फेमस फ्लेम्स’शी घोटाळा नको म्हणून ‘कूल अँड द गँग’ झाले. १९६९मध्ये ‘डी-लाइट’ या छोट्या कंपनीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली.

म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ फंक म्हणतो ती या मुलांनी गिऱ्हाईक बघून केलेली पहिली तडजोड होती. जॅझचा कुणी सोवळा रसिक तेव्हा तिथे असता, तर त्याने १९६९मध्येच ‘विकले गेले’ असं जाहीर करून टाकलं असतं.

पुढे या. ‘फंकी स्टफ’, ‘जंगल बूगी’, ‘हॉलिवुड स्विंगिंग’ ही तीन गाणी म्हणजे रेकॉर्डवाल्यांच्या लेखी अस्सलपणाचा त्रिवेणी संगम. ती कशी झाली? मनू दिबांगो या कॅमेरूनच्या सॅक्सोफोनवादकाचं ‘सोल माकोसा’ हे गाणं न्यूयॉर्कच्या नाचघरांमध्ये तुफान चालू लागलं होतं. डिस्को हे नाव रूढ होण्याआधीचं हे डिस्को. कंपनीच्या लोकांनी ‘कूल अँड द गँग’ला सांगितलं, तुम्ही तसलं काहीतरी करा, त्याच गाण्याची तुमची आवृत्ती करा. पोरांनी नकल करायचं नाकारलं, तालमीच्या खोलीत जाऊन बसले आणि त्या एका बैठकीतून ही गाणी घेऊन बाहेर आले.

ही हकिकत बँडच्या स्वाभिमानाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि तो आहेही. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या गाण्यांच्या नावाने १९७९च्या अल्बमला झोडपलं जातं, ती गाणी कंपनीच्या दबावाखाली, नाचघरात चाललेल्या एका गाण्याला उत्तर म्हणून जन्माला आली. ‘हॉलिवुड स्विंगिंग’चा तर विषयच प्रसिद्धीच्या झगमगाटात जाण्याचं स्वप्न हा आहे. ‘जंगल बूगी’मधला तो खरखरीत, गुरगुरणारा आवाज बँडच्या सामानाची ने-आण करणाऱ्या डॉन बॉइसचा आहे, कारण बँडमध्ये मुख्य गायकच नव्हता. बाजार, योगायोग आणि निकड या तिन्हींनी मिळून ते ‘शुद्ध’ फंक घडवलं. ते थोर आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण ते बाजाराबाहेर, कुठल्या तरी तपोवनात झालं, ही आपण रचलेली पुराणकथा आहे.

विकलं जाणं इतकं सोपं असतं तर

आता १९७५ ते १९७८चा काळ. डिस्को म्हणजे नुसता एक ठेका नव्हता, ती एक जागा होती, आणि हे फंक बँडच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. शब्दाचं मूळच तबकड्यांशी जोडलेलं आहे. नाचघराच्या मालकाला आता दहा माणसांचा बँड, त्यांची वाद्यं, त्यांची गाडी, त्यांचं जेवण, हा खर्च करायची गरज उरली नाही. एक डीजे आणि दोन टर्नटेबल पुरत होते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची फळी घेऊन फिरणाऱ्या बँडची रोजीच या बदलाने धोक्यात आली. त्या नाचघरात शिरायचा एकच रस्ता उरला होता : डीजेच्या हातातली तबकडी होणं.

‘कूल अँड द गँग’ने प्रयत्न केले. ‘ओपन सेसमी’ हे त्यांचं गाणं १९७७च्या ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ या सिनेमाच्या साउंडट्रॅकवर गेलं. तो साउंडट्रॅक त्या दशकातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला, त्याला ग्रॅमी मिळालं. पण नाव झालं बी जीजचं. त्यानंतर या बँडचे ‘द फोर्स’ आणि ‘एव्हरीबडीज डान्सिन’ असे दोन अल्बम आले. दुसऱ्याचं नाव पाहा, ‘सगळेच नाचताहेत’. डिस्कोच्या पाठीमागे धावण्याची याहून उघड कबुली नसेल. त्याचं काय झालं? फारसं काहीच नाही. लोक त्यावर नाचले नाहीत, विकतही घेतलं नाही.

आरोपाचा सगळा डोलारा इथेच कोसळतो. डिस्कोचा ठेका लावला की गल्ला भरतो, असं जर असतं, तर १९७८मध्येच भरला असता. बँडने ‘स्वतःला विकायला’ काढलं होतं आणि गिऱ्हाईक मिळालं नव्हतं! एका वर्षाने त्याच माणसांनी ‘लेडीज नाइट’ केला आणि त्याच्या अमेरिकेत दहा लाखांवर प्रती गेल्या. शीर्षकगीत आर अँड बी यादीत पहिलं आणि पॉप यादीत आठवं आलं, ‘टू हॉट’ पॉप यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. मधल्या वर्षात बाजार बदलला नव्हता. संगीत बदललं होतं. बदललं म्हणजे चांगलं झालं होतं. हे वाक्य उच्चारायला आपल्या जाणकारांची जीभ का अडखळते?

त्यातही तारखा बघा. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने ‘डिस्को डिमॉलिशन नाइट’ घडवून आणली. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटांत आत या, अशी योजना होती. रेकॉर्डींचा ढीग मैदानात स्फोटकांनी उडवला गेला, हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. डाल यांनी त्यामागे वर्णद्वेष असल्याचा आरोप कायम नाकारला आहे. पण त्या दिवशी मैदानावर काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण, जो पुढे हाउस संगीतातला मोठा निर्माता झाला, त्याने नंतर सांगितलं आहे की लोक फेकत होते त्यात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्या सोल रेकॉर्डीही होत्या.

‘लेडीज नाइट’ आला तो याच्या दोनच महिन्यांनी. अल्बमची जुळवाजुळव अर्थातच आधीपासून चालली असणार. पण ‘चालत्या गाडीत चढले’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की अल्बम दुकानात पोचला तेव्हा ती गाडी भर चौकात पेटवून दिलेली होती. रेडिओवाले ‘डिस्को’ शब्द टाळायला लागले होते. अशा वेळी हा अल्बम चालला, आणि ज्यांच्यावर तो चालला ते पुढची पाच-सहा वर्षं टिकले. तेव्हा ते फॅशनच्या लाटेवर तरंगत होते, हे स्पष्टीकरण कामाचं नाही.

मग त्यांनी केलं काय?

दोन माणसं आणली. पहिला, गायक जेम्स ‘जे. टी.’ टेलर. बँडमध्ये खऱ्या अर्थाने मुख्य गायक हवा, हा सल्ला त्यांना सोलार रेकॉर्ड्सच्या डिक ग्रिफी यांनी दिला होता. दुसरा, प्रोड्यूसर युमिर देओदातो. ‘चकचकीत डिस्को प्रोड्यूसर’ म्हणून ज्याची संभावना केली जाते तो हा माणूस ब्राझीलचा, बोसा नोव्हाच्या वातावरणात वाढलेला अरेंजर. त्याने १९७३मध्ये रिचर्ड श्ट्राउसच्या ‘आल्सो श्प्राख झरथुश्ट्रा’चं फंक-जॅझ रूप करून ग्रॅमी मिळवलं होतं. म्हणजे जॅझ वाजवायला निघालेल्या पोरांनी पंधरा वर्षांनी स्वतःवर अंकुश ठेवायला जॅझमधलाच माणूस निवडला. विकले जाण्याची ही पद्धत जरा आडवळणाचीच नाही का?

अल्बममध्ये सहाच गाणी आहेत. शीर्षकगीत घ्या. त्याची गती मिनिटाला ११० ठोक्यांच्या आसपास आहे. १२० आणि त्याच्या पुढे धावणाऱ्या डिस्कोपेक्षा स्पष्टपणे हळू. हा फरक आकड्यात लहान दिसतो, अंगात मोठा असतो. डिस्कोच्या गतीला पाय पळतात. या गतीला कंबर आणि खांदे हलतात. जॉर्ज ब्राउनचा ड्रम सरळ आणि कोरडा आहे. रॉबर्ट बेलचा बेस फार काही बोलत नाही, पण जिथे बोलतो तिथून गाणं हलत नाही. ट्रम्पेट-सॅक्सोफोन पूर्वी आठ-आठ मिनिटं धुमाकूळ घालायचे, ते इथे नेमक्या जागी येतात, एक वाक्य टाकतात आणि गप्प बसतात.

देओदातोने या बँडला काढून टाकायला शिकवलं. ज्यांनी कधी कुठल्याही कलेत चार ओळी लिहिल्या असतील त्यांना हे ठाऊक असतं की भर घालणं त्या मानाने सोपं, गाळणं महाकठीण. त्यातही हे गाळणारे लोक उत्तम वादक होते. रोनाल्ड बेलला लांब सोलो वाजवता येत नव्हता म्हणून त्याने वाजवला नाही, असं नाही. दहा वर्षं तो तेच करत आला होता. संपूर्ण गाण्यासाठी स्वतःची हौस मागे ठेवणं याला शास्त्रीय गाण्याच्या बैठकीत आपण ‘संयम’ म्हणतो आणि दाद देतो. मग तोच संयम नाचाच्या गाण्यात दिसला की तो ‘सपाटपणा’ कसा होतो?

आणि ‘टू हॉट’. सगळा अल्बम मौजमजेचा आहे असं म्हणणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकलेला नसतो, कारण हे गाणं शेवटचं आहे. जॉर्ज ब्राउनने लिहिलेलं. शाळेच्या वयात प्रेमात पडलेलं, लवकर लग्न केलेलं जोडपं. आता एकमेकांसाठी वेळ नाही, धग वाढली आहे, पळून जावंसं वाटतं. टेलर हे गाणं रडत नाही, ओरडत नाही. घरातलं भांडण शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तो ते सांगतो. मागे चार्ल्स स्मिथची गिटार जॅझच्या चालीने हलकेच बोलत राहते. रात्रभर नाचून घरी परतलेल्या माणसाला घरात काय वाट बघत असतं, ते या गाण्यात आहे. ‘जंगल बूगी’च्या वेळच्या ‘कूल अँड द गँग’ला हे गाणं करता आलं नसतं. त्यांच्याकडे तेव्हा तो आवाज नव्हता आणि बहुधा ते वयही नव्हतं.

मऊ, गोड, बायकी

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. या अल्बमविरुद्ध वापरले जाणारे शब्द एका ओळीत मांडून पाहा. मऊ. गोड. गुळगुळीत. मिळमिळीत. आणि जुन्या फंकसाठी वापरले जाणारे : कडक, रांगडं, दणदणीत, मर्दानी. ही संगीताची परिभाषा आहे की तालमीतल्या आखाड्याची?

रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या बैठकांमध्ये बायका कमी असतात. मी जाते तिथे बहुतेकदा मी एकटी असते. तिथे ‘लेडीज नाइट’ हे नाव उच्चारलं जातं तेव्हा त्यातल्या पहिल्या शब्दावर किंचित जोर असतो. बायकांना आवडेल असं संगीत म्हणजे उतरत्या दर्जाचं संगीत, हे कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही. कादंबरी खपली आणि ती बायका वाचतात असं कळलं की मराठी समीक्षक जसा चष्मा पुसायला घेतो, तसाच हा प्रकार.

या गाण्याची भलामण करताना मी त्याच्या विषयाचं मात्र समर्थन करणार नाही. ‘लेडीज नाइट’ म्हणजे क्लबवाल्यांची धंद्याची युक्ती. बायकांना फुकट किंवा स्वस्तात आत घ्यायचं, म्हणजे त्यांच्यामागे पैसे देणारे पुरुष येतात. रॉबर्ट बेलला कल्पना सुचली ती न्यूयॉर्कच्या क्लबांमधल्या अशाच रात्री पाहून. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये असल्या सवलती भेदभावाच्या म्हणून बेकायदा ठरवल्या. गाण्यात हे सगळं कुठेही नाही. त्यात बायका सजून येतात आणि पुरुष कौतुकाने बघतात, एवढंच आहे. शब्दांच्या पातळीवर गाणं पातळ आहे, हे मान्य.

पण गाणं शब्दांवर थांबत नसतं, आणि लोक त्याचं काय करतात तेही गाण्याच्या आयुष्यात मोजावं लागतं. १९९७मध्ये लिल किमने याच गाण्याच्या पायावर ‘नॉट टुनाइट’ची नवी आवृत्ती केली. तिच्यासोबत मिसी एलियट, डा ब्रॅट, लेफ्ट आय आणि अँजी मार्टिनेझ होत्या. पाच बायका, एकही पुरुष रॅपर नाही. ज्या रात्री त्यांना आमिष म्हणून आत बोलावलं जात होतं, त्या रात्रीचा ताबाच त्यांनी घेतला. १९७०च्या दशकातल्या रांगड्या फंकचे तुकडे उचलून रॅपरांनी काय केलं याच्या याद्या आपल्या जाणकारांना तोंडपाठ असतात. ‘समर मॅडनेस’वरून १९९१चं ‘समरटाइम’, ‘हॉलिवुड स्विंगिंग’वरून मेसचं १९९७चं ‘फील सो गुड’. या यादीत लिल किमचं नाव मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

बदलण्याची मुभा कुणाला?

डिस्कोकडे वळणारे हे एकटेच नव्हते. १९७८मध्ये रोलिंग स्टोन्सनी ‘मिस यू’ केलं. रॉड स्टुअर्टने ‘डा या थिंक आय ॲम सेक्सी?’ केलं. ब्लाँडीने ‘हार्ट ऑफ ग्लास’ केलं. १९७९च्या अखेरीस पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’खाली, प्रोड्यूसर बॉब एझ्रिनच्या आग्रहाने, डिस्कोचाच ठेका बसवला गेला. शिव्या यांनाही पडल्या, स्टुअर्टला तर भरपूर. पण या मंडळींच्या बाबतीत डिस्को हे चरित्रातलं एक प्रकरण ठरलं. कुणी त्याला प्रयोग म्हटलं, कुणी गंमत, कुणी चूक. मग पान उलटलं. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्टोन्स १९८९ला गेले, स्टुअर्ट १९९४ला, पिंक फ्लॉइड १९९६ला, ब्लाँडी २००६ला.

‘कूल अँड द गँग’ २०२४ला गेले. तोवर रोनाल्ड बेल, चार्ल्स स्मिथ, रॉबर्ट मिकेन्स, रिक वेस्ट, डेनिस थॉमस आणि जॉर्ज ब्राउन हे सगळे मरण पावले होते. त्या संस्थेच्या निवडीला मी फार मोठा मान देते असं नाही. तिथे राजकारण, ओळखी आणि विस्मरण सगळं चालतं. पण उशीर डोळ्यांत भरतो. डिलनने १९६५मध्ये इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली तेव्हा त्यालाही लोकांनी गद्दार म्हटलं होतं. आज तो प्रसंग कलावंताच्या धैर्याचा धडा म्हणून शिकवतात. गोऱ्या कलावंताचा बदल ही त्याची वाढ ठरते. कृष्णवर्णीय बँडने मात्र आपल्याला ज्या वर्षी आवडला त्या वर्षातच थांबावं, घाम गाळत, रांगडा, उपाशी आणि ‘मातीतला’, अशी आपली अपेक्षा असते. हे प्रेम संग्राहकाचं आहे. फुलपाखराला टाचणी टोचणाऱ्याचंही फुलपाखरावर प्रेमच असतं.

आणि हे प्रेम स्वस्तात पडतं. महिन्याच्या एक तारखेला पगार ज्याच्या खात्यात जमा होतो त्याला, दुसऱ्याने उपाशी राहून शुद्ध राहावं, असं वाटायला पैसे पडत नाहीत. ‘गल्लाभरू’ हा शब्द मराठीत नाटक-सिनेमावाल्यांसाठी उदारहस्ते वापरला गेला आहे. गल्ला ज्याला भरावा लागतो त्या माणसाने मात्र तो क्वचितच वापरलेला दिसतो. त्या गल्ल्यातून वादकांची, तंत्रज्ञांची, सामान वाहणाऱ्यांची घरं चालतात. ज्या बँडमध्ये पोरं शाळेपासून एकत्र होती त्यांनी १९७९मध्ये विचारलेला प्रश्न ‘शुद्ध राहायचं की नाही’ हा नव्हता. एकत्र राहायचं की आपापल्या नोकऱ्या शोधायच्या, हा होता. गल्ला भरणं आणि गल्ल्यासाठी संगीत नासवणं यांत अंतर आहे. ते अंतर कानांनीच मोजता येतं, हिशेबाच्या वहीतून नाही.

गेलं ते गेलंच

माझ्याशी वाद घालणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ‘लेडीज नाइट’पासून या बँडच्या संगीतातून काहीतरी गेलं. १९७०-७१च्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये जो मोकळेपणा आहे, पुढच्या क्षणी काय होईल हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसण्याची जी थरथर आहे, ती परत आली नाही. देओदातोबरोबर त्यांनी आणखी तीन अल्बम केले. त्याच्यानंतरही यश मिळत राहिलं, पण १९८५च्या ‘चेरिश’पर्यंत येता येता ते संगीत खरोखरच पाकात बुडलेलं आहे. मी ‘चेरिश’ची वकिली करायला उभी नाही.

पण एखाद्या अल्बमला सहा वर्षांनी होणाऱ्या गाण्याची शिक्षा आधीच द्यायची नसते. १९७९च्या त्या सहा गाण्यांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात : रस्त्यावरच्या फंकचा कणा अजून ताठ आहे आणि गाणं रचण्याची नवी शिस्त आली आहे. असा समतोल फार काळ टिकत नाही, कुणाचाच टिकत नाही. ज्या एका अल्बमात तो सापडला त्यालाच ‘घसरणीची सुरुवात’ म्हणायचं, तर डोंगराच्या माथ्यालाही घसरणीची सुरुवातच म्हणावं लागेल.

शीर्षकगीताच्या शेवटाकडे उत्सवाचं बोलावणं देणारे काही शब्द येतात. रोनाल्ड बेलने तो धागा पकडला. तो मुसलमान झाला होता, खालिस बय्यान हे त्याचं नवं नाव. मानवाच्या निर्मितीच्या वेळी देवदूतांनी केलेल्या स्तुतीबद्दल कुराणात त्याने वाचलं होतं. त्या वाचनातून आणि या उरलेल्या धाग्यातून पुढच्या वर्षी ‘सेलिब्रेशन’ झालं. जानेवारी १९८१मध्ये इराणमधून ५२ अमेरिकन ओलीस सुटून घरी परतले तेव्हा देशभर तेच गाणं वाजलं, आणि पुढच्या महिन्यात ते पॉप यादीत पहिलं आलं. आज मुंबई-पुण्याच्या रिसेप्शनमध्ये डीजे जे गाणं लावतो आणि आपले जाणकार ज्याच्यावर नाक मुरडतात, त्याच्या मुळाशी एका सॅक्सोफोनवादकाचं धर्मग्रंथाचं वाचन आहे. रिसेप्शनचं संगीत! मग असू दे की. चार पिढ्यांना एका वेळी उभं करणारं गाणं लिहून दाखवा, मग बोलू.

माझं मागणं मोठं नाही. हा अल्बम आवडलाच पाहिजे असा आग्रह नाही. आवडला नाही तर का नाही ते संगीताच्या भाषेत सांगा. ठेका जड वाटतो म्हणा, टेलरचा आवाज पातळ वाटतो म्हणा, ‘इफ यू फील लाइक डान्सिन’ भरतीचं गाणं आहे म्हणा. त्यावर मी वाद घालीन किंवा मान डोलवीन. ‘विकले गेले’ यावर मात्र वादच घालता येत नाही. ते वाक्य ऐकण्याच्या आधी तयार असतं, आणि ऐकून झाल्यावरही तसंच्या तसं शिल्लक राहतं.